हे सगळं कुणाचं, कुठनं आलं - ही चौकशी माणसाला सुटत का नाही?

सड्यावरचा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते टाकतोय, लांबलचक होणार आहे, कंटाळा असेल तर सरळ खाली जाऊन शिव्या घाला.

आपण कोण, हे जग का आहे, काहीच नसतं तरी चाललं असतं मग हे एवढं सगळं आहेच कशाला, हे विचारायची खाज माणसाला येते कुठून? बिबट्याला येत नाही, माडाला येत नाही. आणि उत्तर हाताला लागत नाही हे इतक्या पिढ्यांना कळून चुकलंय तरी जात पण नाही. जगायला उपयोगी म्हणून ही बुद्धी आली असं सांगतात ते मला अर्धंच पटतं. पाऊस कधी येणार, कुठलं फळ विषारी, हे कळलं तर उपयोग आहेच. पण विश्व का आहे हे कळल्याने काजूला मोहोर जास्त येत नाही.

तर माझी स्वतःची एक थिअरी आहे, हसलात तरी चालेल. ही खाज म्हणजे आपली गावची चौकशी, दुसरं काही नाही. वाडीत नवा माणूस दिसला की आपण आधी नाव विचारतो का? नाही. "कुठले तुम्ही? कुणाकडे आलात?" तो म्हणतो अमक्या गावचा, तमक्याचा जावई, की आपला जीव भांड्यात, मग बसा, पाणी घ्या, चहा टाकते. आता खरं बघितलं तर त्या माणसाबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नसतं, चोर आहे का साव कुणास ठाऊक, पण तो कुणाचा तरी झाला ना, तेवढं पुरतं. आणि जोपर्यंत तो कुणाचा ते लागत नाही तोपर्यंत पडवीतली म्हातारी त्याला सोडत नाही, आईकडून नाही लागलं तर मामाकडून विचारते. मला वाटतं माणसाचा सगळा धर्म, सगळं तत्त्वज्ञान हा त्या म्हातारीचाच उद्योग आहे, समोर फक्त पाहुण्याच्या जागी आभाळ, समुद्र, मरण, कधी स्वतःचाच आरशातला चेहरा. माणूस टोळीत वाढलेला प्राणी, कोण कुणाचा हे न कळता झोपला तर सकाळी उठेलच याची खात्री नव्हती, तेव्हापासून ही सवय डोक्यात बसलीय आणि ती माणसांपुरती थांबत नाही, दगडाला पण विचारते.

आपल्याकडे बघा, ओसाड जागा अशी नसतेच. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, कुणीतरी आहे, वडाखाली कुणीतरी आहे, गावाच्या सीमेवर राखणदार आहे, त्याचा नारळ ठरलेला, कोंबडा ठरलेला. गाऱ्हाण्यात सगळ्यांची आठवण काढायची आणि आपण मागून व्हय म्हाराजा म्हणायचं. पूर्ण गावाचा सातबाराच म्हणा, फक्त माणसांच्या नावावर नसलेला.

आणि कातळशिल्पं, आमच्या सड्यावर म्हणजे वरच्या सपाट कातळावर कोरलेली चित्रं. बारसू, देवाचं गोठणं, उक्षी, कशेळी, रुंढे तळी... २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून गाड्या यायला लागल्यात, त्याआधी सड्यावर गुरं आणि गुराखी. कुणी कोरली माहीत नाही, कधी कोरली ते पक्कं नाही. शेतीचं एकही चित्र नाही, गेंड्यासारखे आज इथे नसलेले प्राणी आहेत, म्हणून शेती यायच्या आधीच्या शिकारी लोकांची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज. आमच्या म्हाताऱ्यांनी मात्र हा विषय कधीच मिटवलेला. पांडवांनी काढली. एका रात्रीत. बस. पांडवांची म्हटली की ती आपल्यातली झाली, आता कुणी विचारायचं कारण नाही. आणि बारसूला तो जो मधे माणूस आहे, दोन्ही बाजूंना वाघ, तो बघताना मला सारखं वाटतं की हा पण तेच करत होता, वाघांच्या मधे उभं राहून आपली जागा कुठची ते बघत होता. हे माझं मत, पुरावा नाही, आधीच सांगतो.

तर तुम्हाला काय वाटतं? ऋग्वेदातलं ते सृष्टी कुठून आली विचारणारं नासदीय सूक्त कुणी कॉपी पेस्ट करू नका, ते वाचलंय.

खाडीपलीकडे:

भाऊ आंबा संपला वाटतं तुमचा, वेळ बराच दिसतोय. हे सगळे पोट भरल्यावरचे प्रश्न. मोहोर आल्यावर फवारणीच्या दिवसात मला कधी अस्तित्व दिसलं नाही, तुडतुडा दिसतो फक्त. तुडतुडा कुणाचा हे मी त्याला विचारत नाही.

हर्णैवाली:

पोट भरल्यावरचे प्रश्न हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही आणि बहुतेक वेळा ते पोट भरलेला माणूसच बोलतो, राग मानू नका दादा.

माझी आजी बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकायची, पाय दुखतात म्हणून कधी बसलेली मी बघितली नाही, सही पण येत नव्हती. पण ती एकेक असलं विचारायची की शाळेतल्या बाई गप्प. तिचा एक ठरलेला प्रश्न होता, चंद्र डोक्यावर दिवसातून एकदाच येतो, मग भरती दोनदा का? तो इकडे असताना ओढतो हे ठीक आहे, पण तो पार पायाखाली पलीकडे गेलेला असताना पाणी इकडे का चढतं, कोण चढवतं?

आता बघा, भरती कधी येणार हे तिला घड्याळापेक्षा बरं कळायचं. तिथीची पाऊणपट करायची, झालं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, सगळं तोंडपाठ, होड्या कधी लागणार त्यावर तिचा धंदा चालायचा. म्हणजे उपयोगाचं सगळं कळलेलं होतं हो. तरी प्रश्न राहिलाच होता, आणि तो तिला छळायचा असं पण नाही, पाटी उतरवली की मजेत विचारायची.

म्हणून सड्यावरचा यांची थिअरी मला आवडली पण बसत नाही. कारण समुद्र कुणाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं, नारळी पुनवेला नारळ देणारी बाई ती, त्याच्याशी बोलायची. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नातं लागलं की चौकशी संपायला पाहिजे. तिची नाही संपली. समुद्र घरचाच होता म्हणून उलट जास्त विचारायची, परक्याला एवढं कोण विचारतं?

मालवणी तिरफळ:

हर्णैवाली ताय, आजी भारी हा तुमची.

माका इतक्या काय कळणा नाय, पण चौकशीचो विषय निघालो म्हणान सांगतंय. आमच्या विजयदुर्गार हेलियमचो शोध लागलो, १८ ऑगस्ट १८६८ क, खग्रास सूर्यग्रहण होता तेवा. किल्ल्यार सायबाचे ओटे अजून आसत, लॉकियर सायबान थयसून दुर्बीण लावल्यान. म्हणजे बघा, खयचो सायेब, खयसून बोटीन इलो, दोन मिन्टा सूर्य काळो झालेलो बघूक. आमचे लोक तेवा घरात दार लावन बसलेले आसतले, ग्रहाण म्हणान. चौकशी आमच्यापेक्षा सायबाक जास्ती.

निवृत्त मास्तर:

तिरफळ, ही गोष्ट आपल्याकडे सगळे अशीच सांगतात, भाषणात पण ऐकली आहे, पण दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली आहे त्यात. नीट सांगतो कारण मला वाटतं सड्यावरचा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण तेव्हा नॉर्मन लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विजयदुर्गला नव्हता, इंग्लंडात होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज पॉगसन मच्छलीपट्टणला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे रंग वेगळे करून दिसणारा पट्टा, त्यांनी पाहिला. लॉकियरने नंतर २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसताना तिकडूनच तो वर्णपट पकडला, त्यात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या जवळ पण त्यांच्यावर बसत नव्हती. लॉकियर विजयदुर्गला आला तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मेल्पोमीन नावाची ब्रिटिश आरमाराची बोट होती, तिच्यावरच्या लोकांना त्याने निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. ते ओटे त्या वेळचे. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला जेऊरला दुर्बीण लावून होते, म्हणजे आपले सगळेच काही दार लावून बसले नव्हते.

आता मुद्दा. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की त्याच्या ठरलेल्या रेषा देतं, लोखंड लोखंडाच्या, सोडियम सोडियमच्या. त्यामुळे रेषा दिसली की ही कुणाची ते सांगता येतं, सड्यावरचा यांची म्हातारी इथे खूश होईल. पण ही पिवळी रेषा कुणाचीच निघेना. फ्रँकलंड या रसायनवाल्याबरोबर लॉकियरने प्रयोगशाळेत करून बघितलं, कशाशीच जुळेना. दोन वाटा होत्या, कुठल्यातरी ओळखीच्या पदार्थाच्या गळ्यात बांधून मोकळं व्हायचं, किंवा ही ओळखीतली नाही असं म्हणून तशीच ठेवायची. त्याने हेलियम हे नाव दिलं आणि तशीच ठेवली. बऱ्याच जणांना हा चावटपणा वाटला, पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य म्हणजे काय. शेवटी १८९५ ला रॅम्झी या रसायनवाल्याला ते युरेनियम असलेल्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं, लंडनमध्ये. म्हणजे २७ वर्षं ती रेषा कुणाची नव्हती.

तर चौकशीची खाज सगळ्यांनाच असते हे मान्य. पण आलेल्या पाहुण्याला घाईघाईने कुणाचातरी जावई न करता पडवीत २७ वर्षं बसू देणं, रोज बघायचं आणि तरी कुणाचा ते माहीत नाही असंच म्हणायचं, हे फार कमी लोकांना जमतं. मला विचाराल तर समजून घेणं ते. पांडवांनी काढली हे म्हणजे लगेच जावई करून टाकणं झालं.

आणि हर्णैवाली, तुमच्या आजीच्या प्रश्नाबद्दल. चंद्राची ओढ जवळ जास्त, लांब कमी. चंद्राकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा गोळा त्याहून थोडा कमी, आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात कमी. म्हणजे पलीकडचं पाणी कुणी चढवत नाही, पृथ्वीच चंद्राकडे जरा जास्त ओढली जाते आणि ते पाणी मागे राहतं, म्हणून फुगवटा दोन्ही बाजूंना. पृथ्वी त्याखालून फिरते म्हणून भरती दोनदा. चंद्रही दरम्यान पुढे सरकलेला असतो म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तुमच्या पाऊणपटीत ती ४५ धरली आहे, म्हणून पुनवेपर्यंत थोडा फरक साठतो. पण तोंडी हिशेबाला हे फारच चांगलं आहे, मी वर्गात शिकवायचो.

संगमेश्वरची माहेरवाशीण:

मास्तरांचं वाचून छान वाटलं, पण सगळं ग्रहण आणि रेषांवर गेलं म्हणून थोडं वेगळं लिहिते, चालेल ना.

बाबा गेले त्याच्या दहाव्याला कावळा शिवेना. सगळे नदीवर उभे, ऊन चढलेलं, आणि एकेक जण पुढे येऊन विचारतोय, घराचं बघू हो, आईला अंतर देणार नाही, धाकट्याचं लग्न करून देऊ, कलमांची वाटणी करणार नाही. मी एम.एस्सी., कावळा का येत नाही याची चार कारणं मला तिथल्या तिथे सांगता आली असती, जास्त माणसं उभी होती हेच पहिलं. पण मी पण मनात विचारत होते की बाबा काय राहिलंय. कोण कुणाचे हा प्रश्नच नव्हता, ते आमचेच होते. कसे गेले ते पण माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळं माहीत होतं आणि तरी विचारत होते.

म्हणून मला वाटतं ही खाज माहितीची नाहीच. बोलणं अर्धवट राहिलंय आणि समोरून आवाज यायचा बंद झालाय, तेव्हा माणूस हे असले मोठे प्रश्न विचारायला लागतो. ज्याचं कुणाशी बोलणं तुटलेलं नाही त्याला विश्व का आहे असा प्रश्न पडत असेल असं मला तरी वाटत नाही. मास्तरांच्या थिअरीत हे कुठे बसतं माहीत नाही.

खाडीपलीकडे:

ताई तुमचं वाचलं. वरती तुडतुड्याचं लिहिलं ते गंमतीत होतं.

पण एक विचारतो, तुमचं खरं धरलं तर लहान पोरांचं काय? माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याचं कुणाशी बोलणं तुटलेलं नाही, उलट अखंड चालू असतं, आणि तो दिवसभर असलेच प्रश्न विचारतो, मी नव्हतो तेव्हा मी कुठे होतो, जांभा दगडाला भोकं कुणी पाडली. भोकांचं मला सांगता आलं, काळा दगड लाखो वर्षं पावसात कुजून त्यातलं विरघळणारं वाहून गेलं आणि लोखंड मागे राहिलं म्हणून लाल आणि भोकाभोकाचा. पहिल्याला मी म्हटलं आईच्या पोटात, तर म्हणे त्याच्या आधी. त्याच्या आधी काय बोंबलायला.

सड्यावरचा:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

हर्णैवाली, तुमची आजी माझ्या थिअरीला खरंच जड जाते. घरच्यालाच जास्त विचारतो हे बरोबर आहे, जावयाला एकदा विचारून सोडतो, नवऱ्याला आयुष्यभर विचारतात. यावर माझ्याकडे आत्ता तरी उत्तर नाही. आणि माहेरवाशीण ताई, तुमच्यावर थिअरी लिहायची माझी इच्छा नाही, ते तसंच राहू दे.

पण मास्तर, पांडवांच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. तुम्ही म्हणता लगेच जावई करून टाकला की समजून घेणं संपलं. ठीक. पण सड्यावर चिरेखाणी, जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, किती आहेत ते माहीत आहे ना तुम्हाला? मशीन लावलं की दहा-पंधरा दिवसांत कातळाचं सपाट मैदान. आमच्या वाडीच्या वरच्या कातळावर आजपर्यंत कुणी चिरा काढला नाही तो काय लोकांना प्राचीन वारसा वगैरे कळत होता म्हणून नाही, पांडवांचं आहे, हात लावला तर बरं होणार नाही, एवढंच. तुमच्या हिशेबाने ते उत्तर चुकीचं. असू दे चुकीचं. पण त्या चुकीच्या उत्तराने तो दगड जागेवर ठेवला, नाहीतर आज प्रश्न विचारायला तिथे काही उरलंच नसतं, सगळं कुणाच्यातरी बंगल्याच्या कुंपणात गेलं असतं. माहीत नाही असं म्हणून मोकळ्या ठेवलेल्या दगडाला कोण जपतं? लॉकियरच्या रेषेला एक सोय होती, ती सूर्यावर होती, तिथे चिरेखाण टाकता येत नाही.

निवृत्त मास्तर:

हे तुमचं म्हणणं वजनदार आहे, मी टाळणार नाही. जपायला गोष्ट लागते, नुसतं माहीत नाही म्हटल्याने गाव जमत नाही हे निवडणुकीपासून सगळीकडे दिसतं.

तरी दोन गोष्टी. एक, पांडवांची म्हणून दगड जपला, पण त्यावर काय आहे हे पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोजून लिहून ठेवलं नाही. कशेळीचा तो एवढा अवाढव्य हत्ती, साधारण १८ मीटर लांब, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे कोरलेले, त्याच्यावरून गुरं गेली आणि माणसं गेली. दुसरं, ही चित्रं मोठ्या प्रमाणात उजेडात आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्यांनी गावोगाव फिरून गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारून विचारून शोधली तेव्हा. म्हणजे तुमची चौकशीच, फक्त उत्तर मिळाल्यावर न थांबलेली. पांडवांनी काढली असं ऐकल्यावर ते बरं म्हणून घरी गेले नाहीत, कुठे काढलीत ते दाखवा म्हणाले. मला एवढंच म्हणायचं होतं.

आणि खाडीपलीकडे, मुलाला त्याच्या आधीचं माहीत नाही असं सरळ सांगा. मोठ्या माणसाला माहीत नाही हे कळलं की पोरं घाबरत नाहीत, खूश होतात, माझा वर्गातला अनुभव.

हर्णैवाली:

मास्तर पलीकडच्या भरतीचं तीनदा वाचलं. पृथ्वीच पुढे जाते आणि पाणी मागे राहतं, असंच ना? आजी असती तर तिने लगेच पुढचं विचारलं असतं की मग तळ्याला का नाही, विहिरीला का नाही, तिथलं पाणी काय वेगळं आहे. मी सांगून ठेवते, तुम्ही लिहा सवडीने.

निवृत्त मास्तर:

आजींनी मला पण वर्गाबाहेर काढलं असतं. थोडक्यात सांगायचं तर ओढीतला हा फरक फार लहान असतो, तो दिसायला पाणी हजारो किलोमीटर पसरलेलं आणि एकमेकांत वाहू शकणारं लागतं. विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक पडणार तो किती. सविस्तर रविवारी लिहितो, आकृती काढावी लागेल.

मालवणी तिरफळ:

मास्तरांनु, ता सगळा ठीक हा, पण १८६८ क सायेब इलोच नाय तर आता १८ ऑगस्टाक आमी किल्ल्यार काय करूचा? दरवर्षी हेलियम दिवस करतत, शाळेची पोरा येतत, भाषणा होतत, वडे आसतत.

निवृत्त मास्तर:

करा की, दिवस खरा आहे, फक्त जागा गुंटूरची आहे. भाषणात तेवढं दुरुस्त करा आणि २२ जानेवारीला अजून एक कार्यक्रम ठेवा, ती तारीख आणि ते ओटे शंभर टक्के तुमचे. वडे दोन्हीला.